आईला पुस्तक वाचता येत नाही, बाबा रोज दोन तास शिकवतात, आणि मार्क दोन्ही घरी कमी

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीची. घरीच शिवणकाम करते, मिस्टर यंत्रमागावर आहेत, आठवड्याआड रात्रपाळी असते. माझं शिक्षण सातवी. मुलगा पण आता सातवीतच आहे, सरकारी शाळेत, सेमी इंग्लिशला. गणित आणि विज्ञान इंग्रजीत असल्यामुळे त्याच्या पुस्तकातलं मला काहीच कळत नाही. घटक चाचणीत गणितात २० पैकी ७ पडले. शेजारीण म्हणते शिकलेल्या आईबापाचीच पोरं पुढं जातात. मी त्याच्यासाठी काय करू शकते? – एक आई

प्रश्न : मी इंजिनिअर आहे, चिंचवडला असतो, मुलगी सहावीत. ऑफिसमधून आल्यावर रोज ८ ते १० मी स्वतः तिचं गणित घेतो. तरी मार्क उतरतच चाललेत आणि आता तर मी वही उघडली की तिचे डोळे भरतात. बायको म्हणते तू बसूच नकोस. पण न बसणं म्हणजे दुर्लक्ष नाही का? – एक बाबा

उत्तर : दोन्ही पत्रं मुद्दाम एकत्र घेतलीयत, कारण दोघांनीही एकच गोष्ट धरून ठेवलीय की पालकांनी लक्ष घालायचं म्हणजे पालकांनी शिकवायचं. माझी बावीस वर्षं शाळेत शिकवण्यात गेली, आणि मला हे मनापासून सांगायचंय की तसं नाहीये.

आधी इचलकरंजीच्या ताई. शेजारीण म्हणते त्यात थोडं तथ्य आहे, शिकलेल्या घरातल्या मुलांना सोपं जातं, पण म्हणून कमी शिकलेल्या आईच्या हातात काहीच नाही असं अजिबात नाही. बिहारमधल्या पूर्णिया आणि राजस्थानमधल्या अजमेर जिल्ह्यात 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने काही गावांत आयांसाठी साक्षरता वर्ग घेतले, काही गावांत दर आठवड्याला घरी जाऊन आईला मुलाबरोबर करायच्या छोट्या छोट्या कृती शिकवल्या आणि काही ठिकाणी दोन्ही केलं. या आयांपैकी बऱ्याच जणींना धड वाचता येत नव्हतं. २०१७ साली त्याचा अभ्यास छापून आला, त्यात मुलांच्या गणितात वाढ दिसली, फार मोठी नाही, थोडीशीच, पण खरी. आणि तुम्ही तर सातवी शिकलेल्या आहात हो.

आता मी सांगते तसं करा. ती २० पैकी ७ वाली उत्तरपत्रिका घेऊन बसा. इंग्रजी वाचू नका, फक्त बघा की कुठली गणितं कोरी सोडलीयत आणि कुठली सोडवून चुकलीयत. हे तुम्हाला नक्की दिसेल. कोरी जास्त असतील तर बहुतेक वेळा त्याला प्रश्नच कळलेला नसतो, पेरिमीटर म्हणजे परिमिती हे माहीत नसलं की पोरगं पेन खाली ठेवतं, गणित येत असलं तरी. सोडवून चुकलेली जास्त असतील तर कुठंतरी हातचा नाहीतर पाढा कच्चा आहे. मग त्याला म्हणा, हे गणित मला मराठीत सांग, काय दिलंय आणि काय काढायचंय. त्याला सांगता आलं तर अर्धं काम झालं. नाही आलं तर तेवढ्याच गणितावर पेन्सिलने खूण करा.

आणि गणित तुम्हाला येत नाही असं परत म्हणू नका. ३४ छातीचं ब्लाऊज बेतताना तुम्ही चौथा भाग साडेआठ धरता आणि वर शिलाईला जागा सोडता, हा ३४ भागिले ४ आहे, त्याच्या पुस्तकात साडेआठला ८.५ लिहितात एवढाच फरक. त्याला एकदा इंचटेप धरून शेजारी बसवा, पावणेदोन मीटर कापडात किती अस्तरं बसतील ते त्याला काढू द्या. माझ्या वर्गात एका शिंप्याचा मुलगा होता, अपूर्णांक आले की फळ्याकडे बघायचाच नाही, एक दिवस मी खडू ठेवला आणि त्यालाच विचारलं की बाबांनी सव्वा मीटरचे चार सारखे तुकडे केले तर एक केवढा, तर त्याने हवेतच कापड दुमडल्यासारखं केलं, एकदा, परत एकदा, आणि सव्वाएकतीस सेंटीमीटर म्हणाला. वर्ग गप्प झाला होता.

एक नाजूक गोष्ट विचारते, राग मानू नका. सणासुदीला ऑर्डरी वाढल्या की काज-बटणाला त्याला घरी ठेवता का? ठेवत असाल तर आधी ते बंद करा, कारण गणितात चार दिवस बुडाले की पुढचा धडा डोक्यावरून जातो आणि तो मग जातच राहतो. वडिलांची रात्रपाळी असेल तेव्हा दिवसा ते झोपलेले असतात, घर एकच खोलीचं असेल तर मुलाला मोठ्याने वाचायला जागा नसते, त्या आठवड्यात मशीन थोडं बाहेरच्या बाजूला घेऊन त्याला तुमच्याजवळ वाचायला बसवा. तुम्ही शिवत राहा, तो वाचू दे.

आणि पालकसभेला जाच. मजुरी बुडते मला माहितीय, मग सभेला नाही जमलं तर सुटायच्या वेळी सरांना गाठा, पण "आमचा हुशार आहे का" असं विचारू नका. पेन्सिलच्या खुणा दाखवा आणि विचारा, सर, याचं नक्की कुठल्या धड्यापासून सुटलंय? एवढा नेमका प्रश्न घेऊन आलेला पालक शिक्षक विसरत नाही, मी तरी कधी विसरले नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, त्यानुसार तुमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या बायका. पालक म्हणून तुम्हालाही तिच्यात सदस्य होता येतं. क्लासचं मात्र सर बोलल्यावरच ठरवा, दुखतंय कुठं ते कळायच्या आधी पैसे भरू नका.

आता चिंचवडचे बाबा. तुमची तळमळ पत्रात दिसते. पण अमेरिकेतल्या नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी २००९ साली साधारण तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांबद्दलचे ५० अभ्यास एकत्र करून पाहिले, तर गृहपाठात मदत करण्याचा मार्क वाढण्याशी चांगला संबंध दिसला नाही, उलट जरा उलटाच दिसला. जास्त उपयोग कशाचा दिसला, तर मुलांशी शिक्षणाबद्दल बोलण्याचा, आपल्याला काय वाटतं ते सांगण्याचा, शिकलेलं त्यांच्या आवडीशी जोडून देण्याचा, अभ्यास कसा आखायचा हे दाखवण्याचा. यात एक मेख आहे, मूल मागे पडतं म्हणूनही पालक बसायला लागतात, त्यामुळे तुमच्या बसण्यानेच मार्क गेले असं मी म्हणणार नाही. पण डोळे भरून येतायत ना, तिथं थांबायला हवं.

तुम्ही लसावि तुमच्या पद्धतीने शिकवत असणार, बाईंनी वेगळ्या पद्धतीने शिकवलेला असणार, ती मधे अडकते आणि दोन्ही पद्धती चुकवते. शिवाय रोज रात्री तुम्ही सगळं दुरुस्त करून घेता म्हणून सकाळी बाईंपुढे स्वच्छ बरोबर वही जाते. बाईंना कळणार कसं की हिला काय येत नाही? परीक्षेतच कळतं, तोपर्यंत उशीर झालेला असतो.

बायकोचं निम्मं ऐका. दोन तासांची वीस मिनिटं करा, आणि त्या वीस मिनिटांत तुम्ही शिकवायचं नाही, तिने तुम्हाला शिकवायचं, अडली तर अडू द्या. उरलेल्या वेळात तिच्याशी गप्पा मारा, दिवसभरात ऑफिसात तुमचं काय अडलं तेही तिला सांगा. आणि या आठवड्यात एक गणित चुकीचंच राहू द्या, खोडरबर देऊ नका, वही तशीच दप्तरात जाऊ द्या, डायरीत फक्त एवढं लिहा की बाई, हे तिने एकटीने केलंय, इथं अडलीय.