गुजरातेत बडोद्याजवळ असलेला पावागडचा किल्ला मुळात कसा दिसत असेल?

चार मनोरे आणि मधोमध वाडा असं चित्र मनात असेल तर आधी ते पुसा. पावागडाच्या अगदी माथ्यावर कालिकामाता आहे, महाल तिथे नाहीत. किल्ला खालून टप्प्याटप्प्याने चढत जातो: दरवाजा, सपाटी, तलाव, की पुन्हा दरवाजा. मधल्या सपाटीला नावही माचीच आहे. जिथे कडा सरळ तुटलेला, तिथे कडाच तट. त्याच कड्यात लोखंडी खिळे ठोकत १५३५ मध्ये हुमायूनची माणसं वर चढली.

आमचे पुण्याचे मामा बडोद्याला आले की रोपवेने जाणार, दर्शन घेऊन उतरणार. एकदा जेवताना म्हणाले, "हा कसला किल्ला? देवीचा डोंगर आहे." बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मला घेऊन पायथ्यापासून चालत निघाले. एका पडक्या दरवाज्यापाशी थांबले आणि भिंतीतल्या चौकोनी भोकात हात घातला. पार खांद्यापर्यंत आत गेला. "अडसर इथे सरकायचा. आता दार केवढं असेल, सांग." मी तेव्हा आठवीत होतो. त्या दिवसापासून मला तिथे पडझड दिसतच नाही, दारं दिसतात.

तुम्हीही तसंच बघा. सदनशहा दरवाज्याशी खडक कसा फोडलाय ते बघा. सात कमानीपाशी उभं राहून खाली पायथ्याचं जुनं शहर चांपानेर बघा. दरीच्या काठावर नवलखा कोठाराचे घुमट आहेत. एवढं धान्य साठवणारा गड वेढ्याच्या तयारीने बांधलेला असतो. इथल्या खीची चौहान राजपूत राजांनी गुजरातचा सुलतान महमूद बेगड्याला वीसेक महिने झुंजवलं, तेव्हा कुठे १४८४ मध्ये गड पडला. आणि मराठ्यांचा नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी: १८०३ मध्ये इंग्रजांनी तो घेतला तो शिंद्यांकडून.

एक मात्र आहे. बेगड्यानंतरही बांधकाम होत राहिलं, त्यामुळे एकाच काळाचं चित्र काढता येत नाही. माथ्यावरचं देवळाचं शिखर तर २०२२चं आहे, त्याच्या फोटोवरून जुन्या गडाचा अंदाज बांधू नका.

जायचं तर अटक दरवाज्यापासून पायी. मामांना गेल्या दिवाळीतही हेच सांगितलं. म्हणाले, गुडघे दुखतात. दुखत असतील, पण मग चालून न पाहिलेल्या किल्ल्याबद्दल मत देऊ नये.