फ्लामेंको हा स्पॅनिश नाच करताना टाचेच्या बुटांमुळे घोटा मुरगळण्याची भीती वाढते का?

वाढते, पण दोष एकट्या उंचीचा नाही. टाच वर गेली की घोट्याच्या खोबणीत हाडाचा मागचा, अरुंद भाग येतो. सांधा थोडा सैल पडतो आणि पाय मुरगळायला निमित्त पुरतं. त्यात झापातेआदो, म्हणजे चवडा, टाच, अख्खा तळवा जमिनीवर सटासट आपटत धरलेला ताल! म्हणूनच या बुटांची टाच उंच असली तरी जाड असते. पेन्सिल हील इथे चालतच नाही. चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळे ठोकलेले असतात, ते आवाजासाठी. गुळगुळीत फरशीवर मात्र तेच घसरवतात. पुरुषांचे बूट घोटा झाकतात, ते जरा बरे.

विकत घेताना चालून बघा. टाच बुटातून सुटत असेल तर पट्टा कितीही आवळा, उपयोग नाही. नवशिक्यांनी 4-5 सेंटिमीटरवरच थांबावं.