ई-पॉसवर (रेशन दुकानातल्या ठसा घेणाऱ्या यंत्रावर) अंगठा लागत नाही म्हणून रेशन नाकारता येतं का?

नाही. केवळ ठसा जुळला नाही म्हणून धान्य अडवू नका, असं केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या बोटांच्या रेषा कोयत्याने झिजतात; यंत्र बनवताना हे हात कुणी डोळ्यांपुढे ठेवलेले दिसत नाहीत.

आधी मशीनची काच पुसायला लावा. हात धुऊन पुसा, बोट किंचित ओलसर ठेवून सपाट टेकवा. जोरात दाबलं की रेषा चपट्या होऊन ठसा बिघडतो. अंगठाच हवा असं नाही, दुसरं बोट लावा. कार्डावरच्या इतर सदस्याचंही चालतं, पण नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेली की घरी उरते म्हातारी, तिच्या रेषा आणखीच पुसट. मग डोळ्याचं स्कॅन किंवा आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी मागा. दुकानदार तरीही परत पाठवत असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या, हेल्पलाइन १९६७.