टेनिस रॅकेटची ग्रिप घरी बदलता येते का? पट्टी कोणत्या बाजूने गुंडाळायची?

तुम्ही लिहिलंय की मुलाच्या रॅकेटची ग्रिप काळी पडून सुटायला लागली आहे आणि ती दुकानात न जाता बदलायची आहे. बदलता येते. हात बसला की दहा मिनिटांचं काम, पहिल्या वेळी अर्धा तास धरा. पण पट्टी विकत आणण्याआधी नक्की काय सुटलंय ते बघा.

मुठीवर बहुतेक वेळा दोन थर असतात. आतली मूळ ग्रिप दीड ते दोन मिलिमीटर जाड, गादीसारखी आणि मागून गोंद लावलेली असते. ती रॅकेटबरोबरच येते. तिच्यावर घाम टिपायला अर्ध्या मिलिमीटरची पातळ ओव्हरग्रिप गुंडाळतात. तिला मागे गोंद नसतो, फक्त वरच्या टोकाला चिकटपट्टी लावतात. बोलताना आपण दोन्हींना ग्रिपच म्हणतो आणि घोळ तिथेच होतो. वरचीच सुटली असेल तर ती काढून नवी घाला, संपलं. आतली दाबून बघा. अंगठा रुतत नसेल, कडा उसवल्या असतील किंवा हाताला काळं लागत असेल तर तीही बदला.

मी हे तपासत नव्हतो. ओव्हरग्रिप निसटली की तिच्यावरच दुसरी, मग तिसरी. मूठ इतकी जाड झाली की कोपर दुखायला लागलं, आणि मी दोष देत होतो तारांना! आतली ग्रिप तर केव्हाच मेली होती.

आमच्याकडे ठाण्यात दमट हवेचाही त्रास आहे. जूनमध्ये मातीची कोर्टं झाकली की रॅकेट बॅगेत, बॅग कपाटावर. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढावी तर मूठ काकवी सांडल्यासारखी चिकट! या ग्रिपा पॉलियुरेथेनच्या असतात आणि हवेतल्या ओलाव्याने ते हळूहळू विघटित होतं, न खेळतासुद्धा. अशी चिकट झालेली ग्रिप पुसून सुधारत नाही, ती काढावीच लागते.

आता कृती. आधी जुन्या ग्रिपचा मोबाइलवर फोटो काढा. तुमच्या दिशेच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कंपनीची ग्रिप उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी गुंडाळलेली असते, त्यामुळे मुलगा उजखोरा असेल तर फोटोतल्यासारखीच गुंडाळा. डावखुरा असेल तर आरशात दिसेल तशी, म्हणजे बरोबर उलट. दिशा चुकली तर फटका मारताना हात ज्या बाजूला पिळतो त्या बाजूने पट्टीची कड उचलली जाते आणि आठवड्याभरात उलगडायला लागते.

वरचं रबरी कडं सरकवून बाजूला ठेवा, ते परत लागतं. चिकटपट्टी कापून ग्रिप वरून खाली सोलत या. बुडाशी एक छोटी स्टेपल पिन असू शकते, ती चपट्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटून पकडीने ओढा. इथे घाई नको, बुडाची टोपी तडकली तर काम वाढतं. राहिलेला गोंद अंगठ्याने घासून गोळ्या करून काढा, उरलेल्यावर फडक्याला सॅनिटायझर लावून पुसा. थिनर वापरू नका, रंग जाईल. नंतर मूठ पूर्ण वाळू द्या.

नव्या पट्टीचं एक टोक निमुळतं असतं, ते बुडाशी. (डावखुऱ्याला ते कधी कधी उलटं बसतं, तेव्हा कात्रीने तिरकं कापून जुळवून घ्या.) मागचा कागद एकदम सगळा काढू नका, वीतभर सोलायचा आणि तेवढंच गुंडाळायचं. पहिला वेढा बुडाच्या कडेला अगदी लागून घ्या. पिन मारायलाच हवी असं नाही, दुहेरी टेपचा तुकडा पुरतो. मग डाव्या हाताने पट्टी ताणून धरा आणि उजव्या हाताने रॅकेट फिरवा. पट्टी फिरवण्यापेक्षा हे कितीतरी सोपं जातं. प्रत्येक वेढा आधीच्यावर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर चढू द्या. सैल सोडलीत तर सुरकुत्या पडतात, फार ताणलीत तर गादी पातळ होऊन मुठीचे आठही पैलू हाताला टोचतात. वरती उरलेलं आडवं कापा, टेप लावा, कडं परत चढवा.

जुनी मूळ ग्रिप न काढता तिच्यावरच दुसरी मूळ ग्रिप मात्र चढवू नका. प्रौढांच्या रॅकेटची मापं एल-० म्हणजे चार इंच घेर, एल-२ म्हणजे सव्वाचार, एल-४ म्हणजे साडेचार अशी असतात, दर पायरीला एक अष्टमांश इंच. एक ओव्हरग्रिप साधारण अर्धी पायरी वाढवते. दोन जाड थरांनी मूठ निदान दोन पायऱ्या फुगते. माप बरोबर आहे का हे बघायला मुलाला मूठ धरायला सांगा आणि त्याच्या बोटांची टोकं व तळवा यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी घालायला सांगा. ती अलगद मावली पाहिजे.

चामड्याची ग्रिपही मिळते. पैलू तिच्यात छान जाणवतात, पण ती दहा-बारा ग्रॅमने जड असते. मुलासाठी नको.

हात फार घामेजत असेल तर कोरड्या पोताची ओव्हरग्रिप घ्या. पूर्वीचा अमेरिकन टेनिसपटू पीट सॅम्प्रस याच्या मुठीवर दिसायची ती फिकट निळी टूर्ना ग्रिप त्याच जातीची, ओली झाली की उलट जास्त पकडते. मात्र ती लवकर फाटते. चिकट पोताची जास्त टिकते, मुंबईच्या मे महिन्यात मात्र साबणासारखी निसटते. बॅडमिंटनची ओव्हरग्रिपही चालते, पण मुलगा दोन हातांनी बॅकहँड मारत असेल तर ती वरपर्यंत पुरते का ते आधी गुंडाळून बघा.

आणि त्याची रॅकेट पंचवीस-सव्वीस इंची असेल तर मूठ बारीक असल्याने नव्या पट्टीचा चांगला तुकडा उरेल. तो शेवटी कापायचा, आधी नाही.