उंदीर वाढायचा थांबतो, मग ती जनुकं चालू का?

प्रिय बाळा,

‘आई, उंदीर मोठा झाला की वाढायचा थांबतो, मग त्याच्या अंगात ग्रोथ फॅक्टरची जनुकं चालू कशाला राहतात?’ असं तू विचारलंस. इथल्या शाळेत सगळं इंग्रजीतून शिकतेस, तरी उत्तर मराठीतच लिहून दे म्हणालीस, म्हणून हे पत्र.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे पेशींना वाढीबद्दल निरोप देणारी प्रथिनं, आणि ती बनवायची कृती जनुकांत असते. जनुकं जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखीच असतात. पण कुठली पेशी कुठलं जनुक कधी वापरते, हे वेगळं असतं. वापरात असलेल्या जनुकाची आरएनए नावाच्या रेणूच्या रूपात प्रत निघते. ती कुठे सापडते हे पाहिलं की कोण कुठे कामाला लागलंय ते कळतं.

आयजीएफ-२ या ग्रोथ फॅक्टरचं जनुक घे. गर्भात हे जनुक जोरात चालतं आणि जन्मानंतर काही आठवड्यांत यकृतातून, स्नायूंतून जवळपास मावळतं. पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. गर्भात बहुतेक ठिकाणी फक्त वडिलांकडून आलेली प्रत चालते. ती प्रत मोडली तर पिल्लू नेहमीच्या वजनाच्या साधारण 60 टक्केच भरतं. आईकडची मोडली तर काहीच फरक दिसत नाही! 1990-91 मध्ये हे दिसलं. मेंदूची आवरणं आणि मेंदूतला द्रव बनवणारा भाग मात्र हे जनुक मोठेपणीही सोडत नाहीत, आणि तिथे दोन्ही प्रती चालतात.

मला सगळ्यांत आवडतं ते एफजीएफ-५, हाही एक ग्रोथ फॅक्टर. अगदी कोवळ्या गर्भात ते दिसतं, पण काढून टाकलं तरी पिल्लू धडधाकट जन्मतं. फक्त त्याचे केस लांबच लांब वाढतात. कारण पुढे केसाच्या मुळाशी हेच प्रथिन ‘आता पुरे’ असा निरोप देतं. नाव वाढीचं आणि काम वाढ थांबवण्याचं. त्यामुळे नावावरून काम ठरवू नकोस. कुठे, कधी आणि ऐकणारी पेशी कोण, हे आधी विचार.

ईजीएफ हा ग्रोथ फॅक्टर तर मोठ्या उंदराच्या लाळग्रंथीतच सापडला. शास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी त्या ग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. पुढे 1986 मध्ये त्यांना आणि रीटा लेवी-मोंताल्चिनी यांना नोबेल मिळालं. नराच्या ग्रंथीत ते मादीपेक्षा खूप जास्त असतं.

आता तुझ्या प्रश्नाचं थेट उत्तर. शरीर वाढायचं थांबलं, तरी आहे ते टिकवावं लागतं. रक्तवाहिन्या घडवणाऱ्या व्हीईजीएफच्या दोनपैकी एक प्रत गेली, तरी गर्भ वाचत नाही, इतकं ते सुरुवातीला मोलाचं. मोठ्या उंदराच्या मूत्रपिंडात गाळणीभोवतीच्या पेशी ते बनवत राहतात. तिथे ते बंद केलं की गाळणीच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात.

तुझी,
आई