पानावरून आंब्याची ओळख कशी पटते?

प्रश्न : आमच्या परड्यात आजोबांनी बाठ्यापासून वाढवलेली रायवळ आंब्याची झाडं आहेत. एकाचा आंबा रसाला, एकाचा लोणच्याला. उन्हाळ्यात काही अभ्यासक कोवळी पानं घेऊन गेले. ‘मार्कर तयार करतोय’ म्हणाले. फळ न चाखता पानावरून काय कळणार?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : मी आंब्यावर हेच काम करते, म्हणून तुमचं पत्र वाचून आनंद झाला. पालवीच घेतात, कारण जून पानातला चीक नि टॅनिन डीएनए काढताना फार त्रास देतात.

आंब्याच्या डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. एका झाडात बारा वेळा, तर दुसऱ्यात सतरा वेळा. त्या जागेची लांबी मोजली की झाडाझाडांतला फरक दिसतो. अशी मोजता येणारी जागा म्हणजे मार्कर. खरे कष्ट आहेत ते जागा निवडण्यात. कित्येक जागा सगळ्या झाडांत सारख्याच निघतात, काहींची मोजणी स्पष्ट येत नाही; त्या सोडून द्याव्या लागतात. उरलेल्या आम्ही आईबाप माहीत असलेल्या जातींवर तपासतो. वेंगुर्ल्याची ‘रत्ना’ (१९८१) नीलम आणि हापूसच्या संकरातून आली. प्रत्येक झाडाला अशा जागेची एक प्रत आईकडून नि एक बापाकडून मिळते; म्हणून मार्कर भरवशाचा असेल तर रत्नामध्ये एक लांबी नीलमची नि दुसरी हापूसची सापडायलाच हवी.

कलमं मूळ झाडासारखीच निघतात. रायवळ मात्र बाठ्यापासून उगवतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या बाठ्यात परागीकरणातून तयार झालेला एकच गर्भ असतो. त्यामुळे तुमचं प्रत्येक झाड वेगळं असणार. दोन वाड्यांत दोन नावांनी ओळखलं जाणारं झाड एकच आहे का, कुठली झाडं जवळच्या नात्यातली, जतनासाठी आधी कुणाला निवडायचं, हे मार्कर सांगतो.

चव, मोहोराची वेळ, साठं चांगली होतात का, यातलं मात्र तो काहीच सांगत नाही. ते तुमच्या घरातल्या बायकांना ठाऊक आहे, आणि माझ्या मते त्या माहितीशिवाय आमचा मार्करचा तक्ता अर्धाच राहतो. प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन ती लिहून ठेवा. अहवालाची वाट मात्र पाहू नका. लाकडासाठी रायवळ झपाट्याने तुटतोय. येत्या पावसाळ्यात बाठे रुजले की लोणच्याच्या आणि रसाच्या झाडाची काडी घेऊन त्या कोवळ्या रोपांवर कोयकलमं बांधा, नि दोन-चार शेजाऱ्यांच्या आगरातही लावायला द्या.