थकले आहे ते नेमके काय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय थकवा हाच होता. त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे गाळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून गेली २१ वर्षे माध्यमिक शाळेत शिकवते. संध्याकाळी साडेपाचला घरी आले की सोफ्यावर बसते आणि मोबाइल हातात घेते. तासभर कसा जातो ते कळत नाही, पण उठताना मी बसले त्यापेक्षा जास्त दमलेली असते. मैत्रिणींनी सुचवले म्हणून योगवर्ग लावला, झोपताना शांत संगीत ऐकले, ध्यानाचे शिबिरही केले. कशाचाच गुण आला नाही. रविवारी दहापर्यंत झोपते, तरी सोमवार जड जातो. माझेच काही चुकते आहे का? (शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : चुकले असेल तर एवढेच की तुम्ही इतरांच्या थकव्यावरची औषधे स्वतःवर वापरून पाहिलीत.

माझे आजोळ विदर्भातले. तिथे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी होत असे. बैल नदीवरून धुऊन आणले की मामा वाटीत कोमट तूप आणि हळद घेऊन गोठ्यात जायचे, मानेमागे जिथे जू टेकते तिथला केस झडून निबर झालेला पट्टा बोटांनी चाचपायचे आणि नेमक्या तेवढ्याच जागेवर तूप जिरवायचे. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या," असे बैलाच्या कानाशी म्हटले जायचे. बैल दिवसभर चालतो तो पायांवर, तरी शेकायचा तो खांदा, याबद्दल त्या घरात कोणाला शंका नव्हती. तुमचे जू कुठे टेकते, हे मात्र तुमच्या पत्रातून कळत नाही.

माझा अंदाज असा की ते लक्षावर टेकते. शिक्षिकेचे पाय दुखतात आणि घसा बसतो हे खरेच, परंतु पन्नास मुलांच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहितानासुद्धा मागच्या बाकावर काय चालले आहे याचा कानोसा घ्यावा लागतो, आणि असे सहा-सात तास रोज चालते. नको त्या गोष्टी बाजूला सारून हव्या त्या गोष्टीवर मन धरून ठेवण्याची ही शक्ती वापराने शिणते, असा विचार मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने मांडला आणि १९८९ साली तो पुस्तकरूपाने आला. त्यांचे म्हणणे असे की ही शक्ती भरून यायची तर मनाला पूर्ण रिकामे करावे लागत नाही. जिच्याकडे लक्ष आपोआप जाते, पण जी आपल्याकडून कशाचीच मागणी करत नाही, अशी एखादी गोष्ट समोर असावी लागते. ढग, झाडाची हलणारी पाने, वाहते पाणी ही त्यांतली नेहमीची उदाहरणे.

या कसोटीवर मोबाइलकडे पाहा. अंगठा वर सरकला की नवी बातमी, नवा चेहरा, नवा वाद. वाचायचे की सोडायचे, उत्तर द्यायचे की नाही, हे दर क्षणी ठरवावे लागते. अंग सोफ्यावर असते आणि जू मानेवर तसेच असते. योगवर्गाचेही तुमच्या बाबतीत हेच झाले असावे. दिवसभर सूचना देऊन आलेल्या बाईने संध्याकाळी पुन्हा एका खोलीत बसून दुसऱ्याच्या सूचना ऐकायच्या, डावा पाय की उजवा याकडे लक्ष ठेवायचे, म्हणजे शाळा सुटली तरी वर्ग सुटत नाही. योगासनांत काही खोट नाही, आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तोच वर्ग संजीवनी ठरू शकतो.

तेव्हा आता कोणाचा सल्ला न घेता पंधरा दिवस एक वही ठेवा. रोज रात्री दोनच ओळी लिहायच्या: आज कशानंतर हलके वाटले आणि कशानंतर जड. कारणे शोधायची नाहीत, वहीत स्वतःला गुण द्यायचे नाहीत. ती सवय शाळेतच राहू द्या. पंधरा दिवसांनी मागे वळून वाचले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील, आणि त्या बहुधा क्षुल्लक असतील. मी स्वतः तीन महिने पहाटे उठून ध्यानाला बसत होते, आणि ते तीन महिने मी मुख्यतः घड्याळाकडे पाहण्यात घालवले. माझ्या वहीत मात्र दर तीन-चार दिवसांनी मेथीची जुडी निवडल्याची नोंद होती. खाली वर्तमानपत्र पसरलेले, एका बाजूला पानांचा ढीग, दुसऱ्या बाजूला देठ, बोटांना हिरवट वास, आणि मेथी निवडत बसलेल्या बाईला कोणी काही विचारत नाही. ज्यांच्या वाट्याला रोज सगळ्या घरासाठी भाजी निवडण्याचे काम आहे त्यांना हे वाचून हसू येईल आणि ते रास्तच आहे. मला ते विश्रांतीसारखे वाटते, कारण माझा दिवस अक्षरांत जातो.

वहीचा निकाल येईपर्यंत घरी आल्यावरची पहिली वीस मिनिटे मोबाइल पर्समध्येच राहू द्या आणि कोणाशी न बोलता गच्चीत किंवा अंगणात बसा. तुमचा घसाही दिवसभर राबलेला आहे, त्यालाही तेवढा वेळ मिळेल.

रविवारचे वेगळे. आठवड्याचे सहा दिवस सहाला उठणारे शरीर एके दिवशी दहाला उठले की सकाळचा उजेड त्याला चार तास उशिरा मिळतो आणि आतले घड्याळ मागे सरकते. रविवारी रात्री मग झोप लवकर लागत नाही आणि सोमवारी अपुऱ्या झोपेवर उठावे लागते. रविवारी नेहमीपेक्षा तासभर उशिरा उठा, आणि झोप कमी पडली असेल तर ती शनिवारी रात्री लवकर झोपून भरून काढा.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. तुमच्या वयात पाळी थांबण्याच्या आगेमागे झोप बिघडते. शिवाय हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि रक्तातील साखर यांपैकी काही बिघडले असेल तर मेथीची कितीही जुडी निवडली तरी थकवा हटणार नाही. या तपासण्या आधी करून घ्या.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. वय ५८. दुपारी जेवून मी दीड-दोन तास झोपतो. वडीलही वामकुक्षी घेत. मुलगा म्हणतो हा आळस आहे. उठल्यावर डोके जड असते आणि रात्री बारापर्यंत झोप येत नाही, हेही खरे आहे. वामकुक्षी सोडावी का? (दुकानदार, कोल्हापूर)

उत्तर : वामकुक्षी सोडू नका, दीड तास सोडा. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर होणे. जेवणानंतर घटकाभर कलंडण्यासाठी तो शब्द आहे. अंथरूण घालून, पंखा लावून घेतलेली झोप त्या शब्दात बसत नाही.

दुपारी एक ते तीनच्या सुमारास पेंग येते ती केवळ जेवणामुळे येते असे आपण समजतो, पण न जेवलेल्या माणसालाही ती कमीअधिक प्रमाणात येते, कारण जागेपणाचा वेग शरीराच्या घड्याळानुसारच त्या वेळी उतरतो. मुलाला हे सांगायला हरकत नाही. मात्र पंधरा-वीस मिनिटांत उठलात तर झोप उथळ असते आणि माणूस ताजा उठतो. अर्ध्या तासापलीकडे गेलात की गाढ झोप लागते आणि तिच्यातून मध्येच उठल्यावर डोके जड होणे ठरलेलेच. जागेपणाच्या तासांबरोबर मेंदूत ॲडिनोसीन नावाचे द्रव्य साचत जाते आणि त्याच्या दाबाने रात्री झोप लागते. दुपारी दीड तास झोपून तुम्ही तो दाब उतरवून टाकता आणि मग रात्री बारापर्यंत छताकडे पाहत राहता. दुकान उघडल्यावरचा पाच वाजताचा चहा त्यात भर घालतो, कारण चहातील कॅफीन ॲडिनोसीनची वाट अडवते आणि त्यातले साधारण निम्मे रात्री दहापर्यंत रक्तात फिरत असते.

आयुर्वेदाने दिवसाची झोप उन्हाळ्यात निरोगी माणसालाही चालते असे मानले आहे, इतर ऋतूंत ती कफ वाढवणारी म्हटली आहे. लहान मुले, वृद्ध, आजारी आणि फार श्रमलेले यांना सूट आहे. तेव्हा चैत्र-वैशाखात पाच-दहा मिनिटे जास्त झाली तर मुलाकडे दुर्लक्ष करावे. एरवी आरामखुर्चीत, गजर लावून, तीनच्या आत. घरचे लोक तुमच्या घोरण्याबद्दल, विशेषतः घोरता घोरता श्वास थांबून दचकण्याबद्दल बोलत असतील तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तसे असेल तर रात्रीची झोपच पुरेशी होत नाही, आणि दुपारची पेंग ही त्याची वसुली असते.

प्रश्न : वर्षभर राबून दिवाळीनंतर आम्ही चार दिवस कोकणात गेलो. गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण, तारकर्ली सगळे पाहिले. परत आल्यावर आठवडाभर अंग मोडून आले. असे का व्हावे? (नोकरदार दांपत्य, पुणे)

उत्तर : चार दिवसांत चार ठिकाणे, रोजची बांधाबांध आणि वळणाचे रस्ते! ती सहल उत्तम झाली असेल, विश्रांतीशी तिचा संबंध नव्हता एवढेच. पुढच्या वेळी एकाच गावी राहा, पाहायचे राहिलेले राहू द्या, आणि कामावर जाण्याआधीचा एक पूर्ण दिवस स्वतःच्या घरात काढा.

प्रश्न : मी गृहिणी आहे. घरात सासूसासरे, पती, दोन मुले. विश्रांतीचे लेख वाचते, पण मला वेळच मिळत नाही. दुपारी टेकले तरी मनाला लागून राहते की सगळे कामावर आणि आपण बसलो आहोत. कोणी आले की मी चटकन उठून उभी राहते. कोणी मला बोलत नाही, तरी असे होते. (गृहिणी, बुलढाणा जिल्हा)

उत्तर : "सगळे कामावर आणि आपण बसलो" हे वाक्य आधी तपासू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात असे दिसले, आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. मुलांचे आणि वृद्धांचे करणे यात धरलेले नाही, ते वेगळे मोजले आहे. म्हणजे जवळजवळ पाच तासांची पाळी करून तुम्ही टेकता. ती पाळी कुठल्या हजेरीपटावर लागत नाही, म्हणून ती सुटल्याचेही कोणाला कळत नाही, तुम्हालासुद्धा.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांना संघटित करून ती मागितली म्हणून, आणि मालकांनी ती मान्य केली १८९० साली. त्या रविवारी कामगार घरी राहू लागला, पण चूल काही बंद राहिली नाही. उलट रविवारी जास्तीचा स्वयंपाक, ही पद्धत आजही बऱ्याच घरांत आहे. तुमच्या कामाला सुट्टीचा वार नाही आणि सुटण्याची वेळही नाही, त्यामुळे बसल्या क्षणी काम चुकवल्यासारखे वाटते. हा तुमच्या स्वभावाचा दोष मी मानत नाही.

म्हणून वेळ मिळण्याची वाट पाहू नका, वेळ जाहीर करा. तुमच्या घरात दुपारी तीन ते साडेतीन शांतता असेल असे धरू. आज रात्री जेवताना, सगळे पानावर असताना, साध्या आवाजात सांगा की उद्यापासून या अर्ध्या तासात मी आतल्या खोलीत असेन. कारण देऊ नका. कारण दिले की त्यावर चर्चा होते. सासूबाईंना दुपारी काही लागत असेल तर त्यांना तीनच्या आधी विचारून घ्या. त्यांनाही त्यांच्या उमेदीत अशी अर्ध्या तासाची मुभा नसेल, तेव्हा त्या कुरबुरल्या तर मनावर घेऊ नका. त्या वेळात काय करायचे हे मी सांगणार नाही. झोपा, खिडकीतून पाहा, जुने फोटो काढा, काहीही. फक्त घडी घालायचे कपडे त्या खोलीत ठेवू नका.

आणि एकदा हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते.

पहिल्या आठवड्यात सव्वातीनला कोणीतरी दार वाजवेलच, बहुधा चार्जर कुठे आहे हे विचारायला. तेव्हा उठून उभ्या राहू नका. आतूनच सांगा, "साडेतीनला येते."